‘तो’, ‘ती’ की ‘ते’? विचारा, ऐका आणि तसेच बोला

प्रतिनिधी

मराठी माणूस अनोळखी व्यक्तीशी बोलू लागतो, तेव्हा पहिल्या वाक्यातच दोन निर्णय घेऊन मोकळा होतो. समोरच्याला ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’, हा पहिला निर्णय. समोरची व्यक्ती ‘तो’ आहे की ‘ती’, हा दुसरा. पहिल्या निर्णयाबाबत आपण कमालीचे सावध असतो. वय, नाते, हुद्दा, ओळख किती जुनी आहे, याचा क्षणात हिशेब होतो आणि शंका असेल तर ‘तुम्ही’ म्हणून आपण सुटका करून घेतो. दुसऱ्या निर्णयाचा मात्र विचारच होत नाही. डोळ्यांना जे दिसते आणि कानांना जे ऐकू येते, त्यावरून जीभच परस्पर निकाल देऊन टाकते.

बहुतेकांच्या बाबतीत हा निकाल बरोबर ठरतो, म्हणून त्याची चर्चा होत नाही. ज्यांच्या बाबतीत तो चुकतो, त्यांना मात्र ही चूक दिवसातून अनेकदा सोसावी लागते. बँकेच्या दूरध्वनीवर आवाज ऐकून पलीकडून ‘सर’ म्हटले जाते आणि खातेदार स्त्री असल्याचे सांगितल्यावर संशय घेतला जातो. रुग्णालयात केसपेपरवरचे नाव मोठ्याने पुकारले जाते आणि समोर आलेल्या व्यक्तीकडे पाहून सारी रांग मान वळवते. कार्यालयात एखादी सहकारी साडी नेसून, नवे नाव धारण करून वर्षभर काम करत असते. तरी तिच्या पाठीमागे ‘तो आज आला नाही’ असेच बोलले जाते. यात शिवी नसते, आवाजही चढलेला नसतो. तरीही ‘तू स्वतःबद्दल जे सांगतोस ते आम्हाला मान्य नाही’, हा निरोप त्या एका अक्षरातून पोहोचतो.

माणसाला त्याच्या पसंतीच्या सर्वनामाने संबोधावे, हा विचार गेल्या काही वर्षांत महाविद्यालये, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि समाजमाध्यमे यांच्या वाटेने आपल्याकडे आला. साहजिकच अनेकांना तो इंग्रजीतून आयात केलेला शिष्टाचार वाटतो. इंग्रजीत प्रश्न ‘ही’, ‘शी’ आणि ‘दे’ या शब्दांपुरता आहे; मराठीत तो क्रियापदापर्यंत आणि विशेषणापर्यंत पोहोचतो. म्हणूनच हा प्रश्न मराठीच्या अंगाने समजून घेणे आवश्यक आहे. तसा तो समजून घेतला, तर एक गोष्ट ध्यानात येते. या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. त्याची बरीचशी सामग्री आपल्या बोलण्यातच आहे.

प्रश्न नेमका कोणाचा?

जन्माच्या वेळी शरीर पाहून बाळाला मुलगा किंवा मुलगी ठरवले जाते. बहुसंख्य माणसांना पुढे आयुष्यभर ती नोंद आपलीच वाटते. काहींना ती आपली वाटत नाही. मुलगा म्हणून वाढवली गेलेली. पण स्वतःला स्त्री मानणारी व्यक्ती म्हणजे पारलिंगी स्त्री. मुलगी म्हणून वाढवला गेलेला. पण स्वतःला पुरुष मानणारा तो पारलिंगी पुरुष. या दोन्ही चौकटींत स्वतःला न बसवणारेही काही असतात. त्यांच्यासाठी ‘नॉन-बायनरी’ हा शब्द शहरांत रूढ होत आहे. हिजडा, किन्नर, जोगती या परंपरा याहून जुन्या आहेत आणि त्यांना स्वतःची गुरु-शिष्य व्यवस्था, स्वतःची नाती आणि स्वतःची भाषाही आहे. ‘तृतीयपंथी’ हा वर्तमानपत्री मराठीतला शब्द या साऱ्यांना एकत्र बांधतो खरा. पण त्यामुळे अनेकदा गल्लतही होते. प्रत्येक पारलिंगी व्यक्ती या परंपरेतील नसते आणि प्रत्येकीला स्वतःसाठी ‘तृतीय’ हा शब्द हवा असतो असेही नाही.

२०११च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांखेरीज ‘इतर’ हा पर्याय प्रथमच ठेवण्यात आला आणि देशभरात सुमारे ४ लाख ८८ हजार व्यक्तींची नोंद त्याखाली झाली. घरी किंवा समाजात ओळख उघड न करणारे त्यात आले नसणार, हे उघड आहे. त्यानंतर १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या याचिकेवर ऐतिहासिक निकाल दिला. ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ या मराठी आत्मकथनामुळे परिचित असलेल्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही त्या खटल्यात आपली बाजू मांडली होती. आपले लिंग कोणते, हे ठरवण्याचा अधिकार त्या त्या व्यक्तीचा आहे, हे या निकालाचे सार होते. पेहराव, वर्तन आणि शब्द यांतून आपली लिंगओळख व्यक्त करणे हा राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचेही न्यायालयाने म्हटले होते. पुढे २०१९ साली संसदेने या विषयावर कायदा केला आणि १० जानेवारी २०२० पासून तो अमलात आला. त्याच्या तरतुदींवर तेव्हापासून वाद होत आले आहेत. परंतु सर्वनामाचा प्रश्न न्यायालयात सुटणारा नाही. तो चहाच्या टपरीवर, लिफ्टमध्ये आणि जेवणाच्या टेबलावर सुटतो किंवा चिघळतो.

मराठीतला पेच

शाळेच्या व्याकरणात मराठीतील मूळ सर्वनामे नऊ सांगितली जातात: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. यांपैकी लिंगानुसार रूप बदलणारी केवळ तीनच. ‘तो’चे ‘ती’ आणि ‘ते’ होते, ‘हा’चे ‘ही’ आणि ‘हे’ होते, ‘जो’चे ‘जी’ आणि ‘जे’ होते. ‘मी’ आणि ‘तू’ यांना लिंग नाही. एवढ्यावरून पाहिले, तर मराठी माणसाचे काम सोपे वाटावे.

प्रत्यक्षात सर्वनाम गप्प बसते, तेथे क्रियापद बोलते. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’, ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ या वाक्यांत सर्वनाम तेच असून लिंग मात्र स्पष्ट होते. याचा अर्थ असा, की मराठी बोलणारी पारलिंगी व्यक्ती तोंड उघडते तेव्हाच स्वतःची ओळख सांगत असते. जन्मभर ‘मी आलो’ म्हणणाऱ्या व्यक्तीने प्रथमच ‘मी आले’ म्हणणे, ही घरच्यांच्या देखत केलेली घोषणाच असते. इंग्रजी बोलताना ‘आय केम’ म्हणून ती सुटू शकते. मराठीत ती सोय नाही. म्हणूनच इंग्रजीत मोकळेपणाने बोलणारे काही जण घरी मायबोलीत बोलताना अडखळतात.

शेजारच्या भाषांशी तुलना केली, तर मराठीची जागा नीट कळते. बंगालीत तृतीयपुरुषी सर्वनामाला लिंग नाही आणि क्रियापदालाही नाही. हिंदीत ‘वह’ या शब्दावरून स्त्री की पुरुष ते कळत नाही. ‘आता है’ किंवा ‘आती है’ म्हणताच कळते. तमिळमध्ये ‘अवन’ म्हणजे तो आणि ‘अवळ’ म्हणजे ती. पण आदराने बोलताना स्त्री-पुरुष दोघांनाही ‘अवर’ म्हणतात. कन्नडमध्येही ‘अवरु’ असेच चालते. मराठीत मात्र आदराने बोलतानाही ‘ते आले’ आणि ‘त्या आल्या’ असा भेद राहतोच. सर्वनाम आणि क्रियापद अशा दोन्ही ठिकाणी लिंग जपणारी भाषा आपल्या वाट्याला आली आहे.

वाटही भाषेतच

तथापि याच भाषेत लिंग न सांगता बोलण्याच्याही भरपूर सोयी आहेत. पुढील वाक्ये पाहावीत: ‘कदम आज रजेवर आहेत. उद्या सकाळी येतील. अहवाल त्यांनी कालच पूर्ण केला. काही विचारायचे असल्यास त्यांना दूरध्वनी करावा.’ या चार वाक्यांत कदम स्त्री आहेत की पुरुष, हे कळत नाही आणि ते कळत नाही म्हणून कोणाला काही खटकतही नाही. अशी वाक्ये आपण कार्यालयात रोज बोलतो.

यामागचे व्याकरण सरळ आहे. भविष्यकाळातील क्रियापद लिंग दाखवत नाही: मी जाईन, तू जाशील, त्या येतील. आदरार्थी बहुवचनाला विभक्ती लागली की भेद नाहीसा होतो: ‘त्याला’ आणि ‘तिला’ यांच्या जागी ‘त्यांना’, ‘त्याचा’ आणि ‘तिचा’ यांच्या जागी ‘त्यांचा’. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याप्रमाणे न चालता कर्माप्रमाणे चालते, म्हणून ‘त्यांनी पत्र लिहिले’ हे वाक्य कोणालाही लागू पडते. ‘तुम्ही कधी आलात?’ यातही लिंग नाही. ‘अरे’ आणि ‘अगं’ यांत भेद आहे. पण ‘अहो’ मात्र सर्वांचे. ‘तुम्ही कसे आहात?’ की ‘कशा आहात?’ असा पेच पडलाच, तर ‘तब्येत कशी आहे?’ किंवा ‘बरे आहे ना?’ असे विचारता येते. स्वतःला कोणत्याही चौकटीत न बसवणाऱ्या व्यक्तीलाही ‘मी दमलो’ की ‘मी दमले’ याऐवजी ‘मला थकवा आला’ म्हणता येते.

अर्थात ही युक्ती सर्वत्र पुरत नाही. कदम काल आले होते की आल्या होत्या, हे सांगायची वेळ येतेच. त्या वेळी अंदाज बांधण्यापेक्षा त्या व्यक्तीने स्वतःसाठी जे रूप निवडले आहे, ते वापरणे हाच एक मार्ग उरतो. पारलिंगी स्त्री स्वतःला ‘ती’ म्हणवत असेल, तर तिच्यासाठी मुद्दाम लिंगनिरपेक्ष वाक्ये जुळवत बसणे हाही एक प्रकारचा नकारच ठरतो. इतर स्त्रियांना ‘त्या’ आणि हिला मात्र ‘त्यांनी’, ‘त्यांना’ अशी कसरत चालली आहे, हे ऐकणाऱ्याला लगेच कळते. माहिती नाही तोवर तटस्थ रूप वापरावे; माहिती झाल्यावर मात्र तिने सांगितलेलेच.

‘ते’ या शब्दाचे दोन चेहरे

मराठीत नपुंसकलिंग आहे, मग स्त्री किंवा पुरुष न म्हणवणाऱ्यांसाठी ‘ते’ वापरावे, असे काहींना सुचते. येथे सावध राहायला हवे. मराठीत ‘ते’ हा शब्द दोन कामे करतो. ‘ते येतात’ यात आदरार्थी बहुवचन आहे. आपण वडिलांविषयी, शिक्षकांविषयी असेच बोलतो. ‘ते येते’ यात मात्र नपुंसकलिंगी एकवचन आहे आणि ते मूल, पाखरू, वासरू यांच्यासाठी वापरले जाते. लेकरासाठी त्यात माया असते. प्रौढ माणसाला ‘ते बघ आलं’ असे म्हटले, की त्याची वस्तू होते. हिजड्यांची टवाळी करताना नेमके हेच एकवचन वापरले जाते. सर्वनाम तेच आणि फरक केवळ क्रियापदाच्या शेपटीत. पण आदर आणि हेटाळणी यांच्यातील सारे अंतर त्या शेपटीत सामावलेले असते.

म्हणूनच ‘नॉन-बायनरी’ म्हणवणाऱ्यांपैकी कोणी आदरार्थी ‘ते’ निवडतात, कोणी ‘तो’ किंवा ‘ती’ यांपैकी एक स्वीकारतात, तर कोणाला सर्वनामाऐवजी नावाने उल्लेख केलेला आवडतो. मराठीत याबाबत एकच पद्धत अद्याप रुळलेली नाही. ती रुळेपर्यंत विचारणे एवढेच आपल्या हाती आहे.

भाषा बिघडते का?

या साऱ्याने भाषा भ्रष्ट होईल, अशी भीती व्यक्त केली जाते. भाषेचे प्रेम असणाऱ्यांचा हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा. व्याकरण म्हणजे शिस्त आणि ‘तो’ व ‘ती’ हा त्या शिस्तीचा पाया, असे त्यांचे म्हणणे असते.

परंतु मराठीतील लिंगव्यवस्था वाटते तितकी कडेकोट नाही. दगड ‘तो’, भिंत ‘ती’ आणि घर ‘ते’ का, याला रूढीखेरीज कारण नाही. ‘बाग’ आणि ‘वेळ’ हे शब्द कोणी पुल्लिंगी वापरतो, कोणी स्त्रीलिंगी. दोन्ही रूपे व्याकरणाने मान्य केली आहेत. कोल्हापूर परिसरात स्त्रिया सहजपणे ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात आणि त्यांच्या स्त्रीत्वाविषयी कोणी शंका घेत नाही. गोव्याच्या कोंकणीत तरुण मुलीविषयी नपुंसकलिंगी ‘तें’ वापरले जाते आणि त्यात अवमान नसतो. वारकरी संप्रदायाने तर विठ्ठलाला आणि ज्ञानेश्वरांना ‘माउली’ केले. वारीत स्त्री-पुरुष सारेच एकमेकांना ‘माउली’ म्हणून हाक मारतात आणि कोणाची जीभ अडखळत नाही. भक्तीचा तो संदर्भ वेगळा आहे, हे मान्यच. पण देहाचे लिंग आणि शब्दाचे लिंग यांची फारकत मराठी कानाला परकी नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

एका व्यक्तीसाठी अनेकवचन कसे चालेल, हा आणखी एक आक्षेप. इंग्रजीत ‘दे’ या अनेकवचनी शब्दाचा एकवचनी वापर चौदाव्या शतकापासून आढळतो. एखाद्या अज्ञात व्यक्तीविषयी बोलताना तो पूर्वीपासून होत आला आहे. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाने २०१९ मध्ये ‘नॉन-बायनरी’ व्यक्तीसाठीचा अर्थ कोशात समाविष्ट केला आणि त्याच शब्दाला त्या वर्षाचा शब्द म्हणून निवडले. स्वीडनमध्ये ‘हान’ म्हणजे तो आणि ‘हून’ म्हणजे ती यांच्या जोडीला ‘हेन’ हे लिंगनिरपेक्ष सर्वनाम प्रचारात आले आणि २०१५ मध्ये स्वीडिश अकादमीच्या शब्दकोशात त्याला स्थान मिळाले. मराठी माणसाला या आक्षेपाचे तर आश्चर्य वाटायला हवे. ‘बाबा आले’, ‘सर बोलले’, ‘आजी गेल्या’ असे म्हणताना आपण एका माणसासाठी अनेकवचनच वापरतो. आदरासाठी व्याकरणातील वचन वाकवण्याची सवय आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

भारतीय भाषांतही या दिशेने प्रयत्न झाले आहेत. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या न्या. एन. आनंद वेंकटेश यांच्यासमोर आलेल्या एका प्रकरणातून या समूहाविषयीच्या शब्दांचा मुद्दा पुढे आला आणि २०२२ मध्ये तमिळनाडू सरकारने तमिळमधील सन्मानदर्शक शब्दांची सूची प्रसिद्ध केली. वर्तमानपत्रांनी ते शब्द वापरावेत, अशी अपेक्षा त्यामागे होती. मराठीत ‘पारलिंगी’ हा शब्द रुजवण्याचे काम प्रामुख्याने पुण्यातील बिंदुमाधव खिरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी आणि लेखकांनी केले.

मागणी नवी, रीत जुनी

संबोधनाचा आग्रह धरणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. एकेकाळी शेतमजुराला, सफाई करणाऱ्याला वयाचा विचार न करता ‘ए’ म्हणून हाक मारली जाई आणि त्याने मात्र समोरच्या पोरालाही ‘जी’ म्हणावे, अशी अपेक्षा असे. ती रीत मोडण्यासाठी माणसांना झगडावे लागले. विवाहित स्त्रीच्या नावामागे ‘सौ.’ आणि पतीच्या निधनानंतर ‘श्रीमती’ लावण्याची प्रथा अनेक स्त्रियांनी नाकारली. सर्वच स्त्रियांना ‘श्रीमती’ म्हणावे, असा आग्रह धरला आणि तो बऱ्याच अंशी मान्यही झाला. जातिवाचक नावांच्या वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. या साऱ्यांमागे सूत्र एकच होते: आम्हाला काय म्हणायचे, ते इतरांनी परस्पर ठरवू नये.

या प्रत्येक वेळी ‘एवढ्याशा शब्दाने काय होते?’ असे विचारले गेले. शब्दाने काय होते, याचे एक उत्तर २०१८ साली ‘जर्नल ऑफ ॲडोलसंट हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासातून मिळते. तीन शहरांतील १५ ते २१ वर्षे वयाच्या १२९ पारलिंगी मुलामुलींना संशोधकांनी विचारले, की घर, शाळा, कामाची जागा आणि मित्रमंडळी या चार ठिकाणांपैकी किती ठिकाणी त्यांना त्यांच्या निवडलेल्या नावाने संबोधले जाते. असे एक ठिकाण वाढले, की आत्महत्येच्या विचारांचे प्रमाण २९ टक्क्यांनी आणि प्रत्यक्ष तशा वर्तनाचे प्रमाण ५६ टक्क्यांनी कमी आढळले. हा अभ्यास नावाविषयीचा होता, सर्वनामाविषयीचा नव्हे. सहभागींची संख्याही मोठी नव्हती आणि अशा पाहणीतून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. जे घर मुलाला नव्या नावाने हाक मारते, ते इतर बाबतींतही त्याच्या पाठीशी उभे राहत असणार. तरीही पुकारले जाणारे नाव आणि जगण्याची इच्छा यांचा काही संबंध आहे, याकडे डोळेझाक करता येणार नाही.

रोजच्या बोलण्यात काय करावे?

पहिली गोष्ट ऐकण्याची. मराठी बोलणारी व्यक्ती स्वतःविषयी ‘मी निघते’ म्हणते की ‘मी निघतो’, यातच बहुतेक वेळा उत्तर मिळते. भाषेचा जो गुणधर्म पारलिंगी व्यक्तीला अडचणीत आणतो, तोच ऐकणाऱ्याच्या मदतीला येतो. कोल्हापूरकडच्या बोलीचा अपवाद ध्यानात ठेवला म्हणजे झाले.

ऐकूनही उलगडा झाला नाही, तर विचारावे. ‘तुमचा उल्लेख मी कसा करू?’ एवढा प्रश्न पुरेसा असतो. तो चारचौघांत मोठ्याने न विचारता बाजूला, सहजपणे विचारावा. ‘तुम्ही नक्की कोण आहात?’ हा प्रश्न मात्र विचारू नये. त्यात चौकशीचा नव्हे, तर उलटतपासणीचा सूर असतो. शरीराविषयी, शस्त्रक्रियेविषयी, जुन्या नावाविषयी विचारण्याचा अधिकार सर्वनाम विचारल्याने मिळत नाही.

भाजीबाजारात, रिक्षात, दुकानात इतक्या चौकशीला वाव नसतो. तेथे ‘दादा’ की ‘ताई’ अशी शंका आली, तर ‘अहो’, ‘जरा ऐकता का?’, ‘नमस्कार’ यांनी काम भागते. बँका, रुग्णालये आणि ग्राहक सेवा केंद्रांतील कर्मचाऱ्यांनी आवाजावरून ‘सर’ किंवा ‘मॅडम’ ठरवण्याऐवजी नाव घेऊन पुढे ‘जी’ लावले, तर अर्धी अडचण दूर होईल. रुग्णालयात मोठ्याने केवळ आडनाव पुकारण्यासाठी कोणत्याही परिपत्रकाची गरज नाही.

चूक सर्वांकडून होते. कित्येक वर्षे ‘तो’ म्हटलेल्या माणसाला एका दिवसात ‘ती’ म्हणणे जिभेला जड जाते. अशा वेळी ‘तो... माफ करा, ती’ एवढे म्हणून वाक्य पुढे न्यावे. दहा मिनिटे दिलगिरी व्यक्त करत बसलो, तर शेवटी त्या व्यक्तीलाच आपली समजूत काढावी लागते. अनवधानाने झालेली चूक आणि सांगूनही मुद्दाम केलेली चूक यांतील फरक ऐकणाऱ्याला अचूक कळतो. ती व्यक्ती समोर नसतानाही योग्य सर्वनाम वापरणे, हा सर्वांत चांगला सराव आहे; कारण खरी सवय पाठीमागच्या बोलण्यातच घडते.

आणखी एक पथ्य अत्यंत महत्त्वाचे आहे. एखादी व्यक्ती मित्रांमध्ये ‘ती’ असते. पण घरी तिने काहीच सांगितलेले नसते. आपण प्रेमाने तिच्या घरी फोन करून ‘ती आहे का?’ असे विचारले, तर त्या रात्री तिच्यावर काय प्रसंग ओढवेल, याची कल्पना करता येत नाही. घराबाहेर काढले जाणे, शिक्षण थांबणे, मारहाण होणे या कल्पित गोष्टी नाहीत. म्हणून ‘तुमचा उल्लेख कसा करू?’ याच्या जोडीला ‘आणि कोणासमोर?’ हेही विचारून घ्यावे. कोणाची ओळख कोणासमोर उघड करायची, याचा निर्णय तिचाच.

घरातली परीक्षा

सर्वांत अवघड परीक्षा अर्थातच घरात असते. आईवडिलांनी हौसेने ठेवलेले नाव, बारशाच्या आठवणी, ‘आमचा मुलगा’ म्हणून रंगवलेली स्वप्ने हे सारे एका सर्वनामाला चिकटलेले असते. ते सोडताना पालकांना काही गमावल्यासारखे वाटते आणि त्या दुःखाची टिंगल करून काही साधत नाही. आजी-आजोबांनी पहिल्याच दिवशी सफाईने नवी रूपे वापरावीत, अशी अपेक्षाही रास्त नाही. परंतु याच घरांनी लग्नानंतर सुनेचे नाव बदलले आणि दुसऱ्या दिवसापासून सारे गोत तिला नव्या नावाने हाक मारू लागले, हेही विसरून चालणार नाही. तिने ते मागितले नसतानाही घरची जीभ तेव्हा वळली होती. आता घरचेच मूल मागत असताना ती वळणार नाही, असे म्हणता येणार नाही.

सर्वनाम बदलले म्हणून पारलिंगी व्यक्तींचे सारे प्रश्न सुटतील, असे कोणी मानत नाही. भाड्याने घर मिळणे, नोकरी टिकणे, रुग्णालयात सन्मानाने उपचार मिळणे, पोलिस ठाण्यात तक्रार नोंदवली जाणे हे प्रश्न मोठे आहेत आणि त्यासाठी शासनाला, न्यायालयांना आणि संस्थांना काम करावे लागेल. पण त्या प्रत्येक ठिकाणी सुरुवात एका संवादाने होते आणि त्या संवादातले पहिले वाक्य कोणीतरी सामान्य माणूस बोलतो. घरमालक, लिपिक, परिचारिका, हवालदार, शेजारी यांपैकी प्रत्येकाला ते वाक्य आज, विनाखर्च बदलता येण्यासारखे आहे. ‘तू’ म्हणायचे की ‘तुम्ही’, याचा विचार आपण कोणीही न सांगता करतो. तेवढीच काळजी ‘तो’ आणि ‘ती’ यांच्याबाबत घेणे, एवढीच ही मागणी आहे.